प्रश्नावलीच्या आधीच ठरलेलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "१८७९ साली मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळं झालं आणि विज्ञान झालं, असं पहिल्याच पाठात शिकवतात. मग शेवटच्या सेमिस्टरला 'मानसशास्त्रीय सिद्धांतांमागची तात्त्विक गृहीतके' हा पेपर कुठून उपटला? आणि मला पुढे आपल्याच भागातल्या गावांत समुपदेशन करायचं आहे. तिथे देकार्त आणि लॉक घेऊन मी काय करू?"

उत्तर लांब होणार आहे. मी बरीच वर्षं अमरावती-यवतमाळ पट्ट्यात ग्रामीण रुग्णालयांच्या मानसिक आरोग्य ओपीडीत बसते आणि आशाताईंची प्रशिक्षणं घेते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

आधी ती तारीख. १८७९ ही जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या विल्हेल्म वुंटच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेची तारीख. पण वुंट त्या विद्यापीठात १८७५ पासून तत्त्वज्ञानाचाच प्राध्यापक होता. प्रयोगशाळेतलं संशोधन छापायला त्याने जी पत्रिका काढली, तिच्या नावातही तत्त्वज्ञान होतं. १९१३ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, मानसशास्त्राचे विभाग तत्त्वज्ञानातून फोडून काढायला निघालेल्या मंडळींविरुद्ध त्याने एक पुस्तिका लिहिली. असं झालं तर मानसशास्त्रज्ञ नुसते कारागीर होतील, अशी त्याची भीती होती. शिवाय प्रयोगातून मनाच्या साध्या प्रक्रियाच हाती लागतात, भाषा, पुराणकथा, रूढी हे सारं प्रयोगशाळेत मावत नाही, असं त्याचं ठाम मत होतं आणि त्यावर त्याने १९०० ते १९२० या काळात दहा खंड लिहिले. आपल्या क्रमिक पुस्तकात प्रयोगशाळेला दोन पानं मिळतात आणि या दहा खंडांना जेमतेम एक ओळ. तेव्हा 'वेगळं झालं' हे वुंटला विचारून लिहिलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. गृहीतक शोधायला सिद्धांताची प्रस्तावना वाचू नका, तिथे ते सापडत नाही. ते सापडतं हत्यारात: चाचणीत, फॉर्मात, फॉर्मातल्या रकान्यात. गृहीतक सातबाऱ्यासारखं असतं. रोज कोणी काढून वाचत नाही, पण बांधावरून वाद झाला की निकाल त्याच्यावरच लागतो.

तुमच्या गावच्या आशाताईकडे सीबॅक नावाचा फॉर्म असतो, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरायचा. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, खोकला, गाठी असं सगळं विचारून झालं की शेवटी मनाचे दोन प्रश्न येतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती दिवस झालं, आणि उदास-निराश वाटलं असं किती दिवस झालं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की माणूस पुढे पाठवायचा. पुढे आमच्याकडे त्याच कुळातली, नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ भरली जाते. ती २००१ सालची, अमेरिकेतली, कमाल २७ गुणांची. दहा किंवा त्याहून जास्त गुण झाले की आम्ही सावध होतो.

मी ती रोज वापरते, त्यामुळे टिंगल करायला हे सांगत नाही. पण एकही प्रश्न विचारायच्या आधी तिने काय काय मान्य करून टाकलंय ते बघा. दुःख एका माणसाच्या आत असतं, दोघांच्या मध्ये किंवा घरात किंवा गावात नसतं. ते मोजता येतं. झोप न लागण्याचे तीन गुण आणि मेलेलं बरं असं वाटण्याचे तीन गुण एकाच बेरजेत घालता येतात. माणसाला आपल्या आतलं नीट दिसतं, आणि दिसलेलं तो टेबलापलीकडच्या अनोळखी बाईला सांगतो. आणि चौदा दिवस हे दुःखाचं रास्त माप आहे. यातलं एकही गृहीतक २००१ मध्ये जन्मलेलं नाही. पहिलं सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने शरीर आणि मन अशी वाटणी केली तिथपर्यंत मागे जातं. मोजण्याचं १८६० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फेख्नरने संवेदनेला गणितात बसवलं तिथून येतं. माणसाला स्वतःचं मन दिसतं हे तर वर्तनवादाचा जनक वॉटसनने १९१३ मध्ये मोडीत काढलं होतं. ते फॉर्मच्या रूपाने मागच्या दाराने परत आलं आणि कोणी दार अडवलं नाही.

याने प्रत्यक्षात काय फरक पडतो? हिवाळ्याच्या तोंडाशी तूर, हरभरा उभा असतो तेव्हा ओपीडीत एक गृहस्थ येतात. झोपेचं विचारलं की म्हणतात, "झोप कायची येते मॅडम, रोज जागलीले जा लागते. रानडुकरं नाई तं रोही, अख्खं वावर साफ करतेत." झोपेचे तीन, थकव्याचे तीन, लक्ष न लागण्याचे दोन. उदासीचे गुण धरायच्या आधीच आठ गुण झाले, आणि ते सगळे रानडुकरांनी मिळवून दिलेले. उलट त्याच दिवशी एक बाई येते. हातापायाची आग, डोकं गरगरणं, जीव घाबरणं, पाच दवाखाने पालथे घातलेले. उदास वाटतं का विचारलं की हसून म्हणते, "मले काय होते? मी बरी हावो." गुण चार. फॉर्मच्या मते पहिल्याला नैराश्य आणि दुसरी ठणठणीत. बरीच वर्षं ओपीडीत बसलेली कोणीही व्यक्ती हे उलटं सांगेल, पण नव्या समुपदेशकाने फॉर्मवर विश्वास ठेवला तर त्याला दोष देता येत नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की फॉर्मचंही एक मत आहे.

चौदा दिवसांच्या मापाची गोष्ट आणखी बोलकी आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० मध्ये आली आणि लक्षणं मोजून निदान करण्याची आजची पद्धत तिथे पक्की झाली. त्यात एक सवलत होती: जवळचं माणूस गेल्यानंतरच्या शोकाला लगेच नैराश्य म्हणायचं नाही. म्हणजे कारण योग्य असेल तर दुःख हा आजार नाही, हे मान्य. पण योग्य कारण एकच, मृत्यू. हाताशी आलेलं पीक गेलं, जमीन गेली, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, यांना सवलत नाही. का नाही, याला कोणताही प्रयोग आधार नव्हता. माणसाचं जाणं हे खरं नुकसान आणि बाकीची सोसण्यासारखी, ही त्या समाजाची जीवनदृष्टी होती. पुढे २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती सवलतच काढून टाकली आणि त्याजागी एक टीप दिली. त्या टिपेत मृत्यूच्या जोडीला आर्थिक नासाडी आणि नैसर्गिक आपत्तीतलं नुकसान यांचा उल्लेख आहे. तारतम्याने बघा, असा तिचा मथितार्थ. वणी-पांढरकवड्याच्या पट्ट्यात २०१७ च्या बोंडअळीनंतर हे तारतम्य कोणत्या फॉर्ममध्ये लिहायचं, ते मात्र पुस्तिकेत नाही.

मोजमापाच्या इतिहासातला बिनेचा किस्सा तुम्हाला पेपरातही उपयोगी पडेल, कारण त्यात हत्यार तेच राहिलं आणि गृहीतक बदललं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिनेने १९०५ मध्ये सहकारी सिमोनबरोबर बुद्धीची जी चाचणी केली, तिचा हेतू शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जास्तीची मदत देणं एवढाच होता. बुद्धी हे ठरलेलं, न वाढणारं प्रमाण आहे असं मानणाऱ्यांच्या 'क्रूर निराशावादा'वर त्याने १९०९ मध्ये लिहून टीका केली. १९११ मध्ये तो वारला. चाचणी अटलांटिक ओलांडून गेली ती गॉडार्ड आणि टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या हाती, आणि ते दोघेही बुद्धी रक्तातून येते म्हणणाऱ्या गाल्टनचे भक्त. प्रश्न थोडेफार तेच, पण आता येणारा आकडा जन्मखूण झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने १७ लाखांहून जास्त सैनिकांच्या अशा सामूहिक चाचण्या घेतल्या आणि पुढे त्या आकड्यांवरून कुठल्या वंशाचे लोक देशात येऊ द्यावेत यावर चर्चा झडल्या. आकडा काय आला याला महत्त्व कमीच होतं. आकडा कशाचा आहे, हे आधी ठरवून झालं होतं.

मेळघाटात हे आजही घडतं. कोरकू घरात वाढलेलं मूल, शाळेत आल्यावर मराठी ऐकलेलं, त्याची बिने-कामत चाचणी मराठीतून होते आणि कागदावर एक बुद्ध्यंक उमटतो. तपासणाऱ्याच्या मनात बिने असेल तर तो म्हणेल, या मुलाला शिकवायची पद्धत बदला. टर्मन असेल तर मंदबुद्धी लिहून मोकळा होईल. दोघांच्या हातातला कागद एकच.

वर्तनवाद मी पटकन उरकते, कारण त्याची गृहीतकं सगळ्यांना पाठ असतात: मन कोरी पाटी (ही इंग्रज तत्त्वज्ञ लॉकची), बाहेरून दिसेल तेच खरं, बक्षीस आणि शिक्षा यांनी माणूस घडतो. वॉटसनची ती डझनभर बाळांची बढाई (मला निरोगी बाळं द्या, म्हणाल तो डॉक्टर, वकील, भिकारी, चोर करून दाखवतो) तुम्ही वाचलीच असेल. त्याच्या पुढचं वाक्य पुस्तकं गाळतात. मी माझ्या पुराव्याच्या पुढे जातो आहे हे मला मान्य आहे, पण विरोधी पक्षही तेच करत आला, असं तो तिथल्या तिथे कबूल करतो. गृहीतक उघड्यावर मांडणारा मानसशास्त्रज्ञ विरळा, त्याबद्दल मला वॉटसन आवडतो. त्याचा वारसा बघायचा तर लांब जायला नको. हागणदारीमुक्तीच्या काळात आपल्या गावांत पहाटे फिरणारं 'गुड मॉर्निंग पथक' आठवा. शिट्ट्या वाजवायच्या, टमरेल घेऊन जाणाऱ्याला गुलाबाचं फूल देऊन लाजवायचं. लाजेची शिक्षा दिली की वर्तन बदलतं, हा अस्सल वर्तनवाद. त्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावं स्वच्छ करताना आधी स्वतः खराटा हातात घेतला आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून उत्तरं त्यांच्याच तोंडून काढली. माणूस विचार करू शकतो, हे धरून चालणारं काम आणि माणूस हाकावा लागतो, हे धरून चालणारं काम बाहेरून दोन्ही स्वच्छता मोहीमच दिसतात.

फ्रॉइडबद्दल एवढंच सांगते की तो सगळ्यांना गूढ वाटतो, पण त्याची शिदोरी भौतिकशास्त्राची होती. तरुणपणी तो व्हिएन्नात ब्रुकेच्या प्रयोगशाळेत होता, आणि ब्रुके हा सजीवात भौतिक-रासायनिक शक्तींखेरीज काही नाही अशी शपथ घेतलेल्या मंडळींपैकी. ऊर्जा नष्ट होत नाही, एका ठिकाणी दाबली तर दुसरीकडून निघते. दमन आणि लक्षण यांचं नातं याच साच्यात घडलं. हा साचा सार्वत्रिक नाही असं फ्रॉइडला नम्रपणे सांगणारा एक माणूस आपल्याकडचा, कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस. त्यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहारात कळवलं की तुमच्या सिद्धांतात लिंगच्छेदाच्या ज्या भयाला मध्यवर्ती स्थान आहे ते माझ्या भारतीय रुग्णांत तसं ठळक दिसत नाही. फ्रॉइडने सभ्यपणे ऐकून घेतलं. सिद्धांत होता तिथेच राहिला.

आता तुम्हाला जे रोज करायचं आहे त्याकडे वळू. तुम्ही बोधात्मक उपचार (सीबीटी) शिकाल. आजघडीला ओपीडीत चालणारं हेच मुख्य साधन, आणि चालतं म्हणूनच मुख्य. विचार बदला, भावना बदलेल. ही पद्धत घडवणाऱ्या एलिस आणि बेक या दोघांनीही याचं मूळ ग्रीक-रोमन स्टोइकांत आहे असं स्वतः लिहून ठेवलंय: माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलचं त्याचं मत अस्वस्थ करतं. हे म्हणणारा एपिक्टेटस स्वतः गुलामीतून आलेला होता. ज्याच्या हाती परिस्थिती बदलायची काही सोय नाही, त्याला मत बदलणं एवढंच स्वातंत्र्य उरतं. मानसशास्त्राने या तत्त्वज्ञानातला उपाय उचलला आणि त्यामागची परिस्थिती तिथेच सोडली.

त्याचा परिणाम असा की उपचाराच्या वहीत एक रकाना येतो: 'विचारातील विकृती'. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली, सोसायटीचं कर्ज थकलेलं, सावकाराचं वेगळंच, आणि माणूस म्हणतो, "यंदा काही हाती लागत नाई जी." याला टोकाचा विचार म्हणायचं की साधा हिशेब? बोधात्मक सिद्धांत धरून चालतो की जग मुळात ठीक आहे आणि चष्मा खराब आहे. अलॉय आणि अब्रॅमसन यांनी १९७९ मध्ये विद्यार्थ्यांना एक बटण दिलं. दाबल्यावर दिवा कधी लागायचा, कधी नाही. आपल्या दाबण्याचा दिव्यावर किती ताबा आहे, याचा अंदाज किंचित उदास विद्यार्थ्यांचा जास्त बरोबर निघाला. आनंदी विद्यार्थ्यांना नसलेला ताबाही दिसत होता. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण उदासी म्हणजे चुकीचं दिसणं हे गृहीतक त्यानंतर पूर्वीइतकं निवांत बसू शकलं नाही.

याहून मोठी उलथापालथ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि मायर यांची. १९६७ च्या त्यांच्या प्रयोगातून 'शिकलेली असहायता' ही कल्पना आली. टाळता न येणारे विजेचे झटके बसलेली कुत्री पुढे सुटका शक्य असतानाही हलली नाहीत, म्हणून ती असहायता शिकली, असं म्हटलं गेलं. नैराश्यावरच्या कितीतरी व्याख्यानांत, शेतकऱ्यांवरच्या भाषणांतसुद्धा, हे उदाहरण आजही येतं. २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूच्या संशोधनाच्या आधारे लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. सततच्या त्रासापुढे निपचित पडणं ही मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावा लागतो तो ताबा, आपल्या करण्याने काही बदलतं हा अनुभव. सगळं गृहीतक एका सवयीच्या कल्पनेवर उभं होतं: निरोगी जीव मुळात धडपडणाराच असतो, तो पडून राहिला म्हणजे काहीतरी बिघडलं. ती कल्पना अमेरिकन होती, कुत्र्यांची नव्हे.

कामात याचा थेट उपयोग आहे. 'तुम्ही खचून जायला शिकलात' असं गृहीत धरलं तर मी माणसाच्या डोक्यातलं काहीतरी खोडत बसेन. 'ताबा अनुभवावा लागतो' हे धरलं तर मी त्याला पुढच्या आठवड्यात स्वतःच्या हातात असलेली एक गोष्ट शोधायला लावेन: तलाठ्याकडून फेरफार काढणं, पीकविम्याची तक्रार मुदतीत नोंदवणं, मुलाला घेऊन कृषी सेवा केंद्राच्या उधारीचा हिशेब मांडणं. वहीत दोन्हींचं नाव 'बोधात्मक उपचार' असंच पडेल.

आत्महत्येच्या प्रश्नावर मला थोडं थांबायचं आहे, कारण गृहीतकांची किंमत तिथे रोख मोजावी लागते. आपल्याकडे शेतकऱ्याने जीव दिला की तलाठी, पोलीस, तालुका कृषी अधिकारी यांचे अहवाल जातात आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरवते. २००६ च्या शासन निर्णयापासून पात्र कुटुंबाला एक लाख रुपये. पात्र ठरायला नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा हे कारण दिसावं लागतं. दारू, आजार, घरगुती भांडण असं काही कागदावर आलं की बहुतेक वेळा अपात्र. हा महसुली निर्णय वाटतो, पण तो मनाचा एक सिद्धांत आहे: कारण एकच असतं, आणि ते एकतर बाहेर असतं किंवा आत. कर्जामुळे दारू वाढते, दारूमुळे घरात भांडण होतं, भांडणानंतर रात्री झोप येत नाही, आणि झोप नसलेल्या माणसाला तगाद्याचा फोन येतो, ही साखळी या दोन रकान्यांत मावत नाही. मग कुटुंब काय करतं? साहजिकच बाटलीचं नाव घेत नाही. आणि आम्ही मानसिक आरोग्यवाले नंतर त्याच घरी जाऊन नैराश्याची, व्यसनाची माहिती विचारतो. ती मिळाली नाही की 'कलंकामुळे लोक बोलत नाहीत' असं अहवालात लिहितो. लोक कलंकामुळे गप्प नसतात, लाखभर रुपयांच्या सिद्धांतामुळे गप्प असतात. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईने जीव दिला तर नोंद बहुधा 'गृहिणी' अशी होते, म्हणजे तिचं कारण आपोआप घरगुती ठरतं.

यावर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमचं १८९७ चं पुस्तक काढून 'आत्महत्या ही सामाजिक वस्तुस्थिती आहे' म्हणणारे मित्र मला भेटतात. त्यांचं अर्धं बरोबर आहे. पण तेही कारणाला एकच पत्ता देतात, फक्त पत्ता बदलून. दोन्ही बाजूंना अडचणीत आणणारा पुरावा श्रीलंकेचा आहे. तिथे १९९५ मध्ये सर्वांत विषारी वर्गातली कीटकनाशकं आणि १९९८ मध्ये एंडोसल्फान हे कीटकनाशक बंद झालं. २००५ पर्यंत आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. लोकांची कर्जं फिटली नव्हती, मनं बदलली नव्हती, यादवी युद्ध संपलं नव्हतं. ब्रिटनमध्ये घरगुती गॅसमधला विषारी वायू काढला गेला त्या काळातही, १९६३ ते १९७५, आत्महत्या साधारण एक तृतीयांशाने घटल्या. 'ज्याने ठरवलं तो काहीही करून करतोच' हे गावात पारावर ऐकू येतं आणि वेगळ्या शब्दांत पाठ्यपुस्तकातही. ते धरून चालतं की मरणाची इच्छा ही दीर्घकाळ पिकलेली, पक्की, आतली गोष्ट आहे. पुष्कळ वेळा ती एका संध्याकाळची असते, आणि त्या संध्याकाळी हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं.

गंमत पुढे आहे. हे कळल्यावर अनेकांनी उपाय सुचवला: प्रत्येक घराला कीटकनाशकासाठी कुलपाची पेटी द्या. मीही एके काळी याची समर्थक होते, ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. श्रीलंकेतल्या १८० गावांत याची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आला: पेट्यांनी फरक पडल्याचा पुरावा नाही. बंदीने पडला, पेटीने नाही. पेटी जबाबदारी पुन्हा घरावर टाकते, किल्ली सांभाळणाऱ्या माणसाच्या विवेकावर. एकाच शास्त्रीय माहितीतून दोन धोरणं निघाली, आणि त्यातलं जास्त आवडणारं आपल्या व्यक्तिवादी गृहीतकाला सोयीचं होतं.

तुम्ही म्हणाल, ही सगळी पाश्चात्त्य गृहीतकं आहेत, आपण आपल्या परंपरेकडे वळू. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतले असतात, हा हिशेब २००८ मध्ये मांडला गेला आणि दोन वर्षांनी त्यावर मोठी खळबळ झाली. ती रास्तच होती. पण घरच्या मालालाही हाच नियम लावा. सांख्य तत्त्वज्ञांनी मन, बुद्धी, अहंकार हे सगळं जड प्रकृतीत टाकलं आणि साक्षी पुरुष, म्हणजे नुसतं पाहणारं चैतन्य, वेगळा ठेवला. हेही गृहीतकच. 'प्रारब्ध' म्हणणारी आजी नातसुनेला मार निमूटपणे सोसायला लावते, तेव्हा तिच्याही मागे एक कारणमीमांसा उभी असते.

आणि परंपरा एक नसतेच. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानातून सजगतेचा तणावमुक्ती कार्यक्रम बांधला. आता तो फिरून आपल्याकडे आला आहे, ॲपवर, कॉर्पोरेट शिबिरात, आणि आमच्या प्रशिक्षणांतही. या कार्यक्रमातलं दुःख माणसाच्या आत घडतं आणि आतच सुटतं. तोच बुद्ध १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी स्वीकारला, तो ज्या अर्थाने आंबेडकरांनी सांगितला त्या अर्थाने. चार आर्यसत्यांची रूढ मांडणी धम्माला निराशावादी ठरवते, अशी शंका त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच नोंदवली आणि माणसाने माणसावर लादलेल्या दुःखाला मध्यभागी आणलं. आमच्या वस्तीत विहाराच्या अंगणात सजगतेचं सत्र घेताना एका बाईंनी विचारलं होतं, "श्वास पायतो आमी. पन ज्याच्यानं श्वास कोंडते त्याचं काय?" प्रशिक्षकाकडे उत्तर नव्हतं, कारण त्याच्या पुस्तिकेतला बुद्ध त्या प्रश्नाआधीच थांबला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न: गावात काय करू? एक म्हणजे यातून फॉर्म फेकून द्यायचा निष्कर्ष काढू नका. अमरावती जिल्ह्यात विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन अशीच प्रश्नावली आणि साधे उपचार नेले. अठरा महिन्यांत नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. सदोष गृहीतकांच्या हत्यारानेही माणसं वाचतात. ज्याला औषधाची गरज असते त्याला मी औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते, आणि १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये साठवून देते.

दुसरं, कुठलाही सिद्धांत हातात आला की एक प्रश्न विचारा: हा सिद्धांत कोणत्या गोष्टीला कधीच कारण मानणार नाही? फ्रॉइडला हमीभाव कारण वाटणार नाही, समितीला झोप कारण वाटणार नाही, सजगतेच्या पुस्तिकेला सावकार कारण वाटणार नाही. जे वगळलं तिथे गृहीतक बसलेलं असतं. पेपरातही हाच धागा धरून लिहा, देकार्त-लॉकची नावं आपोआप जागेवर येतील. नुसती नावं क्रमाने लिहिलीत तर परीक्षक गुण देईल, पण तुम्हाला काही मिळणार नाही.

आणि ओपीडीत मी पीएचक्यू-९ च्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला हाताने चार गोष्टी लिहायला सांगते: सध्या वावरात काय उभं आहे, रात्री कोण जागलीला जातं, या महिन्यात पैसे मागायला कोण आलं होतं, आणि फवारणीचं औषध कुठे ठेवलंय. बेरीज पुढच्या बाजूला राहू द्या. मी आधी मागची बाजू वाचते.